देव्हाऱ्यातली पॉलिसी

१३ मे १९९६, सोमवार

सगळ्यात आधी आली ती शेजारची भागूबाई. चपला काढायच्या आधीच म्हणली, नातसून आली, आता सांडूच्या विम्यातून तुमचं नाव निघतंय म्हणं. मी हसले. सांडू माझा नातू, आईबापामाघारी त्याला मीच वाढवलं. नोकरी लागली तव्हा त्यानं पॉलिसी काढली अन् नॉमिनी म्हणून माझं नाव घातलं. माझी दुसरीतून शाळा सुटली, त्यानंतर माझं नाव कुठं छापलं असंल तर तिथंच. कागद देव्हाऱ्यात असतो, दर लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहते. भागूबाईचं नाव तर राशनकार्डावर बी चुकलंय.

१४ मे

सांडू म्हणला, आजी, लग्न झालं की विमा बदलून घ्यावा लागतो, गयासला बोलावलंय. मी म्हणलं, खुशाल बदल, मला काय त्याचं. मी लई खूश आहे. नातसून सोयगावची, गुणाची. जेवणाला चव लागत नाय, रडू बी येत नाय. उन्हाळाच तसा आहे यंदा.

ठरवलंय, कागद मागितला तर सापडत नाय म्हणायचं.

१६ मे, गुरुवार

शहागंजातला गयास आला. विम्याचा एजंट, सांडूचा शाळेपासूनचा दोस्त. मी तोंड उघडायच्या आत नातसुनेनं कागद देव्हाऱ्यातून काढून त्याच्यापुढं ठेवला. हुशार आहे पोरगी. कुंकवानं माझं नाव पार झाकून गेलेलं. गयास म्हणला, आजी, तुम्ही पॉलिसीचं लग्न लावलं का?

त्यानं नातसुनेचं नाव विचारलं. मी सांगितलं लक्ष्मी. लग्नात ताटातल्या तांदळात मीच लिहायला लावलं होतं. पण तिच्या शाळेच्या दाखल्यावर सरू. नाव बदलल्याचा कागद आणल्याबिगर काही होणार नाय म्हणं. मी त्याला अजून एक चहा दिला. तवर माझंच नाव.

१८ मे, शनिवार

नाव बदलल्याचा कागद झाला. गयास दुपारी आला. सांडू पंखा पुसत होता, नातसून समोर, भागूबाई बी होतीच. मी म्हणलं, गयास, घाल हिचं नाव, पण आधी सांग हिला, या जागेला काय मान असतो.

तो फॉर्म भराया लागला. मी परत म्हणलं, सांग की.

"खुदा न करो आजी, सांडूचं काही बरंवाईट झालं, तर पैसे कुणाच्या हातात द्यायचे, त्याचं नाव असतं हे."

भागूबाई चपला घालाया उठली. नातसून आत गेली. इतक्या दिवाळ्या मी त्या जागेवर कुंकू वाहिलं.

मी म्हणलं, "माझं काढ. हिचं बी घालू नको."

"रिकामी सोडता येत नाय आजी. कुणाचं तरी लागतंच."

सांडू म्हणला, मागचं माणूस रिकाम्या हाती राहू नये म्हणून असतं ते. अन् परत पंखा पुसाया लागला. स्टुलावर चढलेला. मी स्टूल धरून उभी राहिले. तो म्हणला, सोड आजी, पडत नाय मी. मी सोडलं नाय.

संध्याकाळी देव्हारा पुसला. कागद गयासकडं, त्याची जागा मोकळी आहे. जेवले.

नातसुनेच्या नावाच्या कागदावर सह्या घ्यायला गयास मंगळवारी येतो म्हणला.