खालच्या आळीतली स्वस्त खोली

१५ सप्टेंबर

मिळाली! अकरा दिवस सोफियाच्या ट्रामगाड्यांत धक्के खाल्ले, अर्धं शहर पालथं घातलं आणि आज एकदाची खोली मिळाली. लोझेनेत्समध्ये एका बाईने दाखवलेली खोली म्हणजे माळ्यावरचं कपाटच होतं, आणि भाडं सांगताना बाईची पापणीसुद्धा लवली नाही. ल्युलिनमध्ये तिघींबरोबर राहावं लागणार होतं. त्यांतली एक अ‍ॅकॉर्डियन शिकत होती. वसतिगृहाच्या भिंतीवरच्या यादीत तर माझं नाव इतकं तळाला, की वाचायला वाकावं लागलं.

आईशी ठरलं होतं: महिनाअखेर परवडणारी जागा मिळाली नाही, तर मुकाट्याने लोमला परत यायचं आणि तिच्याबरोबर विणकामाच्या कारखान्यात उभं राहायचं. भूमापनाच्या शिक्षणाला मग कायमचा रामराम. म्हणून आज इतका आनंद झालाय की पोस्टातून आईला फोन करताना मी चक्क ओरडत होते. राजवाडा मिळालाय म्हटलं.

स्टेशनामागचा पूल ओलांडला की ही वस्ती लागते. सगळे तिला खालची आळी म्हणतात. भाडं इतरांच्या निम्म्याहून कमी. मी दोनदा विचारलं, तर घरमालक दिंको काका मिशीतल्या मिशीत हसले आणि म्हणाले, "महागच हवी असेल तर सांग पोरी, वाढवतो की!" ते वरच्या मजल्यावर राहतात, जिना मागच्या अंगणातून. माझी खोली तळमजल्याला, पण घराचं जोतं उंच. सहा पायऱ्या चढून दार. खिडकीला लोखंडी गज आहेत. खालून जाणाऱ्यांच्या टोप्या तेवढ्या दिसतात, आणि समोरच्या कौलांवरून वितोशा डोंगर. उजेड भरपूर.

१९ सप्टेंबर

कॉलेज सुरू झालं. शेजारच्या बाकावर नेवेना म्हणून एक बडबडी मुलगी आहे, वसतिगृहात राहते. कुठे राहतेस विचारलं तेव्हा पुलापलीकडे म्हणून वेळ मारून नेली. खालची आळी म्हणायला उगाच लाज वाटली.

माझ्या खोलीच्या बरोबर खाली, तळघरात, दुकान आहे. इथे अशी दुकानं गल्लोगल्ली: तळघराची खिडकी फुटपाथला टेकलेली, गिऱ्हाईकाने रस्त्यावर उकिडवं बसायचं, वाकून पाव नाहीतर सिगारेट मागायची. लोममध्ये आम्ही दुकानात ताठ मानेने शिरतो, म्हणून पहिल्यांदा मला हसूच आवरेना. दुकानदारीण स्तानका मावशी. तिचा चेहरा अजून दिसलेला नाही, आत अंधार असतो. फक्त हात दिसतो, अगदी पांढरा. पाव घेतला तर वर एक वेफर बिस्किट फुकट दिलं. म्हणाली, "खा गं. शिकायला आलेल्या मुली जेवत नाहीत, मला माहीत आहे." भूमापन शिकते म्हटल्यावर विचारते, त्यात लॅटिन असतं का? मी नाही म्हटलं, तर तिला वाईट वाटलं.

आळीतले लोक गमतीदार आहेत. सगळे मला पोरी, पोरी म्हणून हाका मारतात. प्रत्येक घरावर नव्या विटांचा एखादा अर्धवट मजला चढतोय. गरीब वस्ती म्हणे! दिंको काकांच्या छपरावरही दोन गवंडी सकाळपासून गाणी म्हणत असतात.

२७ सप्टेंबर

आईने बसच्या ड्रायव्हरबरोबर खोका पाठवला: भाजलेल्या मिरचीच्या चटणीच्या सहा बरण्या, लोणची, आणि लोकरी मोजे. एक बरणी स्तानका मावशीला दिली. हात बराच वेळ बरणी धरून तसाच राहिला.

आज आम्ही उंची मोजायला शिकलो. घरी येऊन सराव म्हणून स्वतःची खिडकी मोजली. फुटपाथपासून चौकटीपर्यंत एक मीटर चौऱ्याऐंशी. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा तेच. मास्तर असते तर पाठ थोपटली असती.

३ ऑक्टोबर

एक मीटर एकसष्ट.

तेवीस सेंटिमीटरची चूक कुणी करत नाही, अगदी मीसुद्धा. मास्तर म्हणतात, चूक यंत्रात नसते, यंत्र धरणाऱ्यात असते. म्हणून पुन्हा मोजलं. एकसष्टच. मग पायऱ्या मोजल्या. पाच. पहिल्या दिवशी मी सहा लिहिल्यात. पेटी ओढत चढले होते, सहाव्या पायरीला कंबर मोडली होती, ते मला चांगलं आठवतंय.

दिंको काकांना विचारलं. ते म्हणाले, नगरपालिकेने फुटपाथ उचलला असेल. फुटपाथवर तेच जुने तडे आहेत, तडा न् तडा ओळखीचा. तसं म्हटलं तर हसले. "बरंच आहे की! मला पायऱ्या कमी. माझ्या गुडघ्यांना विचार!"

वर गवंडी गातायत. आज गाणं नकोसं झालं.

९ ऑक्टोबर

एक मीटर अडतीस. पायऱ्या तीन, आणि एक अर्धीमुर्धी.

आता टोप्या नाही, चेहरे दिसतात. जाणारा प्रत्येक जण आत बघतो. पडदा लावला तरी थांबतात. आज सकाळी एका माणसाने गजांतून तोंड घालून विचारलं, पाव आलाय का. मी म्हटलं, दुकान खाली आहे. तो म्हणाला, "असू दे, असू दे, घाई नाही," आणि टोपी उचलून गेला.

डोंगर दिसेनासा झालाय. कॉलेजात चित्त लागत नाही. वर्गात बसले की खोलीत जावंसं वाटतं, खोलीत आले की बाहेर.

१० ऑक्टोबर

स्तानका मावशीची खिडकी आता वीतभर उरली आहे. मी फुटपाथवर पालथी पडून आत बघितलं, विचारलं, मावशी, हे काय चाललंय?

तिने आतून माझं मनगट धरलं. मग बोलली. प्लेवेनहून औषधं बनवण्याचं शिक्षण घ्यायला आली होती. खोली स्वस्त मिळाली. "तुझीच खोली गं. मलाही डोंगर दिसायचा." मी विचारलं, मग वेळेवर निघाली का नाहीस? तर म्हणाली, "सोमवारी परीक्षा होती. म्हटलं, तेवढी झाली की जाते." आणि मग, "पायऱ्या आहेत तोवर नीघ, पोरी."

मागे रांगेत उभी असलेली माणसं हसली. मावशीला आज चढलेली दिसते, असं कुणीतरी म्हणालं.

तशीच नेवेनाकडे धावले. तिच्या खोलीत जमिनीवर गादी टाकता येईल, पण मंगळवारपासून. तोवर तिची बहीण आली आहे. मलाही मंगळवारी मोठा नकाशा द्यायचाय, टेबलभर पसरलाय, तो ट्राममधून न्यायचा कसा? नकाशा दिला नाही तर सहामाही गेली, सहामाही गेली तर कारखाना. चार-पाच दिवसांत काय होतंय! एक मीटर अठ्ठावीस. दिवसाला आठ-दहा सेंटिमीटर धरले तरी वेळ पुरतो. मी हिशोब केला आहे.

१३ ऑक्टोबर

मावशीची खिडकी गेली. सकाळी फुटपाथ सरळ भिंतीला जाऊन टेकला होता. आळीतली माणसं त्यावरून नेहमीसारखी चालत गेली.

दुपारी माझ्या जमिनीखालून ठोके आले. मी टाचेने उत्तर दिलं. पुन्हा ठोके. संध्याकाळपर्यंत चालले. मग थांबले. मी रडले.

नकाशा अर्धा झाला आहे.

१५ ऑक्टोबर

नकाशा देऊन आले. मास्तर छान म्हणाले! पेटी भरायला म्हणून परतले, तर पायऱ्याच नाहीत. रस्त्यावरून सरळ खोलीत पाय ठेवला. आत जाऊ नये असं वाटलं— पण कपडे, प्रवेशाची कागदपत्रं, आईने दिलेले पैसे, सगळं आत.

दहा मिनिटांचं काम. खाटेवर जरा टेकते, मग निघते. रात्र-रात्र जागून नकाशा केलाय, डोळे मिटतायत.

१६ ऑक्टोबर

डोळा लागला, एवढंच माझं चुकलं. दार आतल्या बाजूला उघडतं. उघडलं. बाहेर माती. दार ठेंगणं; जवळजवळ माथ्यापर्यंत माती, आणि वर वीतभर उजेड. हाताने खणली. जेवढी काढते तेवढी पुन्हा—

खिडकीचे गज हलत नाहीत.

१७ ऑक्टोबर

ओरडतेय. येतात, उकिडवे बसतात, पाव मागतात. एकाचा हात धरून ठेवला, म्हटलं मला बाहेर काढा, मी विद्यार्थिनी आहे, मी एकोणीस वर्षांची आहे. तो हसला. "काय थट्टा करता, मावशी!"

मावशी म्हणाला मला.

दिंको काकांनी गजांतून पुडे सोडले. पाव, सिगारेटी, सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया. म्हणाले, "सुरुवातीला सगळ्याच पोरींना जड जातं. बघ, होईल सवय." आणि वरच्या नव्या खोलीला उद्या रंग लावायचाय म्हणाले.

२० ऑक्टोबर

रविवार. आईला फोन करायचा दिवस.

घसा बसला. आवाज माझा वाटत नाही. नेवेनाला पत्ता नीट सांगितला असता तर. सांगितला असता तर.

पाव दिला नाही तर ते उठत नाहीत. उजेड अडवून बसतात. म्हणून देते.

२४ ऑक्टोबर

खिडकी — दोन विती. बूट. चाकं. एक कुत्रं आत बघून गेलं.

हात पांढरे पडलेत.

२६ ऑक्टोबर

आई आली.

बूट ओळखले. मग गुडघे — आणि मग ती कण्हत, भिंत धरून उकिडवी बसली. गजांशी तिचा चेहरा. आत तिला काही दिसत नव्हतं. म्हणाली, "ताई, जरा ऐकता का? माझी मुलगी या घरात तळमजल्यावर राहते. विहरा नाव. फोन नाही, काही नाही. पाहिलीत का कुठे?"

मी ओरडले, आई! घशातून घोगरं काहीतरी निघालं. मी पुन्हा म्हटलं, आई, आई.

तिने डोळे पुसले. "हो ताई. आईच मी तिची. म्हणून तर जीव थाऱ्यावर नाही."

मी हात बाहेर काढला. तिने माझा हात थोपटला. दमलेल्या बाईचा थोपटतात तसा. म्हणाली, "तुम्ही तरी काय सांगणार, इथे खाली बसून." गुडघे धरून उठली. वरून दिंको काकांचा आवाज आला, खोली मागच्याच आठवड्यात सोडून गेली हो पोरगी, पत्ता ठेवला नाही—

पण ती गेलेली नाही. इथेच भिंतीला टेकून उभी आहे. बूट समोर आहेत. माझं अक्षर ती हजारांत ओळखेल. आधी का नाही सुचलं! हे पान फाडून तिच्या बुटावर—

उजेड कमी होतोय. बोटभर— लवकर—

आई, मी विहरा. जाऊ नकोस. वाक. मी इथेच आहे, तुझ्या पायाखा