मेघनाची उडी

शुक्रवार संध्याकाळ, सिलिकॉन ओएसिसमधलं आमचं घर

माझी बायको मेघना आणि तिची कॉलेजची मैत्रीण शुभा पाठीवर सॅक टाकून फिरताहेत. हनोई झालं, बोर्निओचं जंगल झालं, आता थायलंडची बेटं. आज शुभाने व्हिडिओ पाठवला. माझी बायको बोटीवरून थेट समुद्रात उडी मारते आणि वर येऊन जोरजोरात हसते.

हिला पाण्याची भीती वाटते ना? इथल्या मरीनाच्या संथ पाण्यात साध्या बोटीत बसतानाही माझा दंड घट्ट धरते. आणि शुभासमोर सरळ उडी!

आमच्या लेकीने, ईराने तो व्हिडिओ चारदा पाहिला. "बाबा, मम्मा लुक्स सो हॅपी!"

"खलास, पुरे आता, ठेव तो फोन," मी पोरीवर उगाच खेकसलो. मला शुभाचा हेवा वाटतोय. लाज वाटते लिहायला, पण वाटतोय. असं हसणं या घरात शेवटचं कधी ऐकलं?

जेवणाआधी मेघनाचा फोन आला. विचारलंच, "माझ्याबरोबर कधी नाही मारलीस उडी?"

ती म्हणाली, "तू लगेच 'सांभाळून' म्हणतोस रे. शुभा नुसतं 'चल' म्हणाली."

फोन ठेवताना तोंडातून निघालंच, "सांभाळून राहा."

पलीकडे दोघी खो खो हसल्या.