हिरीचा ढावलो सर्व्हरवर

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आधी टपकल्या संगीता मॅडम, यवतमाळवरून, जुनी गाणी गोळा करतात त्या. मागून त्यायचा कॅमेरावाला. चहात अद्रक जास्त झालं, तरी दोघायनं दोनदा घेतला. त्यायले हिरीचा ढावलो पाह्यजे. हिरी म्हणजे माही मोठी बहीण, पोळ्याच्या आधी गेली. नवरी सासरी निघताना रडत म्हणते तो ढावलो. पुरा तिलेच येत होता. माह्या फोनात भरून ठेवला, दुसरीकडं कुठीच नाही. तिची पोरगी पुष्पा सारखी म्हणते, मावशी, मायचा आवाज ऐकव. मी म्हणते, सवडीनं.
मॅडमले म्हटलं, माहा नातू इंद्रजीत वेबसाइटी बनवते. पाठवून देते.

बुधवार, सकाळ
इंद्रजीतनं पान बनवून धाडलं. जावास्क्रिप्टनं केलं म्हणे. फाइल तुकड्या-तुकड्यानं मागच्या मागे सर्व्हरवर जाते. तू तुहं काम कर आजी, फक्त पान बंद नको करू. एवढं काय सांगाले लागते! बटन दाबलं. तांड्यात दुसऱ्या कोणत्या म्हातारीले जमते हे?

बुधवार, दुपार
हिरवी पट्टी हालेच ना. मंग आठवलं. आमचा आजा बैलायवर मीठ न्यायचा. गोण्या निघाल्या का मागून पाहाचं नाही, हाक माराची नाही, माल अडते. म्हणून पान बंद केलं. फोन भरला भरला करत होता, तर ढावलो पुसला. निघाला म्हणजे पोचला.

गुरुवार
वेचणीच्या बायायले सांगितलं, हिरी आता सर्व्हरवर राहते. एक म्हणे, तिथं तिले भाकर कोण देते? अडाणी सगळ्या.

शुक्रवार
इंद्रजीतचा फोन. पान बंद केलतं काय? म्हटलं, नाही. मंग म्हटलं, थोडंसं. चिडला नाही. फोनातून परत पाठव म्हणे. मी म्हटलं, रेंज नाही, अन् ठेवला.

शनिवार
जे पोचलं ते इंद्रजीतनं ऐकवलं. पहिलाच तुकडा. त्यात मीच बोलून राह्यली. सोयाबीन भिजलं, बकरी व्यायली, थांब वं हिरे, हे तर ऐक. शेवटी हिरी मले म्हणते, बिजली, आता मी म्हणू काय? अन् खाकरते. खलास.
खाकरणं मात्र हुबेहूब तिचंच.
मंग मॅडमचा फोन. पोचला काय? म्हटलं, पोचला. त्या भारी खूश. पुष्पाले संगं घेऊन ऐकाले येतो म्हणे, उद्या रविवारी.