सहा फुटी टेबल

शनिवार, २ ऑक्टोबर

ठरलं. टेबल मी करणार! विकतचं नको, कुणाला करायला सांगणंही नको. मी, स्वतः, या दोन हातांनी. नवरा म्हणाला, "तू?" एवढंच. पण त्या एका अक्षरात त्याने काय काय भरलं होतं! माझा निश्चय तिथेच पक्का झाला.

चष्म्याच्या दुकानात दिवसभर मी करते तरी काय? स्क्रूच पिळते. तांदळाएवढे स्क्रू. मग बोटाएवढे का नाही जमणार?

खरं कारण फक्त इथे लिहिते, घरात ताकास तूर लागू दिलेली नाही. काल आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, व्यायाम घेणाऱ्या बाई जाताना मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "हाड कधीच जुळलंय हो. आता उरलीय ती भीती. थंडी पडायच्या आत चालत्या झाल्या तर झाल्या, नाहीतर मग खाट काही सुटायची नाही."

सासूबाई एप्रिलमध्ये पडल्या. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून त्यांनी खोलीचा उंबरा ओलांडलेला नाही. न्हाणीघर खोलीला लागूनच. जेवण ट्रेमध्ये. वॉकरवर टॉवेल वाळतात. आणि आम्ही तिघं — मी, नवरा, लेक — हॉलमध्ये मांडीवर ताटल्या घेऊन टीव्हीसमोर. तीन माणसं, तिन्ही मुकी. त्यांनी बाहेर यायचं तरी कशासाठी?

म्हणून टेबल. हॉलमध्ये, चांगलं सहा फुटी. टोकाची खुर्ची आईंची. जेवण वाढलं की हाक मारायची. बघते कशा येत नाहीत!

रविवार, ३ ऑक्टोबर

वखारीत गेलो. काय वास असतो तिथे! मला तर बाहेर पडावंसंच वाटेना. वखारवाल्या काकांनी फळ्या मापात कापून दिल्या. "कोण करणार?" म्हणाले. मी म्हटलं, "मी." ते नवऱ्याकडे बघून म्हणाले, "बरं." सगळ्या पुरुषांची शब्दसंपत्ती या बाबतीत एकाच शब्दावर का येते कुणास ठाऊक.

आता काम करायचं कुठे? हॉलमध्ये जरा खुट्ट झालं की खालच्या मजल्यावरचे छताला काठी ठोकतात. बाल्कनीत फळी मावली तर मी मावत नाही. सगळ्यात मोठी खोली आईंची, उजेडही तिथेच, आणि खाली कुणी राहत नाही, नुसता जिना. भीत भीत विचारलं. आई म्हणाल्या, "आण की. तेवढंच बघायला." मला जरा वाईटच वाटलं. सहा महिने त्या काय बघत होत्या मग? समोरचं झाड.

ते झाड आता पिवळं पडायला लागलंय.

मंगळवार, ५ ऑक्टोबर

कामावरून आले, चहा पोटात टाकला आणि लागले. पॉलिश पेपरने फळ्या घासायच्या. धूळ उडते म्हणून बाल्कनीत उभ्याने. शंभर वेळा इकडून तिकडे, मग हात फिरवायचा, मग परत शंभर वेळा. हात गुळगुळीत झाले, फळी आहे तशीच.

नवरा सोफ्यावरून मार्गदर्शन करतोय. त्याने तीन व्हिडिओ बघितलेत. "लाकडाच्या रेषांच्या दिशेने घास." "जोर लावू नकोस, कागदाला काम करू दे." उंटावरून शेळ्या हाकायला याच्या बापाचं काय जातंय! म्हटलं, ये आणि कागदाला काम करायला लाव. आला नाही.

शनिवार, ९ ऑक्टोबर

चार पाय तयार. उभे करून बघितले आणि नवऱ्याकडे विजयी नजर टाकली. तेवढ्यात मागून आई, "खिडकीकडचा पाय सूतभर कमी आहे."

मी म्हटलं, शक्यच नाही. चारदा मोजलाय. टेप लावला. बरोब्बर सूतभर कमी!

चाळीस वर्षं त्यांनी शिवणाचं दुकान चालवलं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्यांचं माप घेऊन झालेलं असायचं म्हणे. "तुम्हाला सांगते," आई म्हणाल्या, "कपड्याचं बरं असतं. चुकलं तर आत मारता येतं. हे लाकूड आडमुठं." मग बराच वेळ दुकानातल्या गोष्टी. दोन्ही खांदे वेगळे असलेला एक हेडमास्तर, लग्नाच्या दिवशी सकाळी उसवलेला एक कोट... लेक अभ्यास सोडून येऊन बसली. आई खाटेच्या काठावर पाय खाली सोडून दीड तास बसल्या होत्या! व्यायामाच्या बाईंना दहा मिनिटंही बसून दाखवत नाहीत.

रविवार, १० ऑक्टोबर

नवऱ्याने हातोडी हातात घेतली. अंगठा निळा. पुढे लिहीत नाही, हसू येतं.

बुधवार, १३ ऑक्टोबर

आज काम नाही, हात दुखतायत. दुकानातून चालतच आले. हवा कशी छान कोरडी झालीय. पानं अशी पडतायत की झाडूवाल्याने हात टेकलेत, कोपऱ्यात ढीग करून त्यावरच टेकून बसला होता बिडी ओढत. एक मोठं लालभडक पान उचलून आईंना आणून दिलं. त्यांनी उलटंपालटं करून बघितलं. म्हणाल्या, "खाली खूप पडलीत का गं?"

म्हटलं, घोट्यापर्यंत.

"हं," म्हणाल्या. आणि खिडकीकडे बघत बसल्या.

मला तेव्हा त्यांची इतकी दया आली, आणि लगेच रागही. दोन जिने उतरलं की खाली पानंच पानं आहेत, बाई! पण असं बोलता येत नाही. त्या पडल्या तेव्हा मी घरात नव्हते. अर्धा तास जमिनीवर एकट्याच होत्या. त्या अर्ध्या तासात काय काय वाटलं असेल ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही.

शनिवार, १६ ऑक्टोबर

आज जोडणी! स्क्रू का गोंद यावर घरात परिषद भरली. नवरा — स्क्रू. लेक — स्क्रू, आणि त्यावर रंगीत टोप्या. आई — "गोंद. स्क्रू सैल होतात, मग आयुष्यभर पिळत बसा." स्क्रू पिळण्यात माझं आयुष्य चाललंच आहे, त्यामुळे मी गोंदाच्या बाजूने. शिवाय पायांच्या मधे खाली एक आडवी पट्टी हवी, पाय टेकायला — ही माझी कल्पना. आईंचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नाहीत, म्हणून.

सगळं गोंदात, शिकंजे आवळून. नवऱ्याने अंगठा सांभाळून का होईना, दोन शिकंजे आवळले. आता उद्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी तीनदा लावून आले.

रविवार, १७ ऑक्टोबर

शिकंजे काढले. हलवून बघितलं. हललं नाही! लेक वर चढून नाचली. हललं नाही! नवऱ्याने कानाकोपरा तपासला, काही सापडेना, म्हणून म्हणाला, "जड झालंय जरा."

जवसाच्या तेलाचा पहिला हात दिला. लाकूड असं काही उजळलं की मी बघतच राहिले. मला रडू आलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे. शेहेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा काहीतरी उभं केलं मी.

तेलाचे अजून दोन हात. मग शनिवारी हॉलमध्ये.

शनिवार, २३ ऑक्टोबर

काय लिहू!!

सकाळी हॉल झाडला, टीव्ही कोपऱ्यात सरकवला, खुर्च्या मांडल्या, टोकाच्या खुर्चीवर उशी. मग तिघांनी टेबल उचललं. खोलीच्या दारापर्यंत अगदी थाटात. आणि — ठक्.

सरळ जाईना. आडवं केलं, पाय अडकले. पाय आधी घातले, खालची पट्टी अडकली. उभं केलं, तर बाहेरचा बोळ इतका अरुंद की कोपरा समोरच्या भिंतीत. पाऊण तास झटापट. चौकटीचा रंग गेला, नवऱ्याच्या कोपराची साल गेली, आम्ही दोघं एकमेकांना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

मी हॉल मोजला होता. खुर्च्या मोजल्या होत्या. आईंच्या गुडघ्यांची उंची मोजली होती. दार मोजलं नव्हतं! शेवटी टेप लावला, वरातीमागून घोडं. दार सत्तावीस इंच. टेबल छत्तीस.

लेक जमिनीवर बसून जी हसत सुटली ती थांबेना. मग नवरा. मग मीही, करणार काय. हसता हसताच आईंना म्हटलं, "चाळीस वर्षं मापं घेतलीत तुम्ही! तुम्हाला तरी सुचू नये होय, दार मोजायचं?"

"मला कसं सुचणार?" आई म्हणाल्या. "मी कुठे त्या दारातून जाते?"

चिडून वगैरे नाही, साधंच बोलल्या. पण आमचं हसू तिथेच थांबलं.

रविवार, २४ ऑक्टोबर

टेबल परत खोलीत, भिंतीशी. मग काय, खुर्च्याच आत नेल्या आणि तिथेच जेवलो. आई खाटेच्या काठावर, आम्ही तिघं तीन बाजूंना. मजा आली, खोटं कशाला बोलू. साधी भाजी, पाव आणि सूप, पण उठलो दीड तासाने. नवऱ्याने ऑफिसातल्या साहेबाची नक्कल केली. मला माहीतच नव्हतं, त्याला नकला येतात!

मंगळवार, २६ ऑक्टोबर

वखारवाले काका येऊन बघून गेले. वाकून, ठोकून, सांध्यावर नख फिरवून. "बाई, गोंद इतका पक्का बसलाय की फळी तुटेल, सांधा सुटणार नाही." आयुष्यातली माझी पहिली सुतारी शाबासकी, आणि तीही अशा वेळी!

उपाय एकच. पाय कापायचे, बाहेर न्यायचं, तिथे परत जोडायचे. "पण कापलेला पाय तो कापलेलाच. थोडं डुगडुगणार." रविवारी करवत घेऊन येतो म्हणाले. चौकट काढता येणार नाही, घर भाड्याचं, मालकीणबाई खिळा मारायलाही परवानगी मागायला लावतात.

गुरुवार, २८ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा कपाटातून स्वेटर काढला.

व्यायामाच्या बाई टेबल बघून खूश. "अरे वा, कुणी केलं?" मला राहवलं नाही, बेत सगळा सांगून टाकला. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "पण मग आता तर त्यांची सगळी सोय आतच झाली की हो. आता कशाला येतील त्या बाहेर?"

दिवसभर तेच डोक्यात. गिऱ्हाइकाचा चष्मा उलटा वाकवला. खरंच की. त्यांना बाहेर काढायला गेले आणि बाहेरचं जे काही थोडं होतं, तेही उचलून आत नेऊन ठेवलं. त्यापेक्षा टेबल केलंच नसतं तर बरं झालं असतं.

शनिवार, ३० ऑक्टोबर

आज जेवण झाल्यावर कुणी उठेचना. लेकीने टेबलभर वह्या पसरल्या. नवऱ्याने बंद पडलेला मिक्सर आणून खोलला. मी उरलेल्या लाकडाचे तुकडे घासत बसले, चमचे ठेवायला एक खोकं करायचंय. आई आडव्या झाल्या, कूस बदलली, परत बदलली. शेवटी उठून बसल्या. "ही झोपायची खोली आहे की खानावळ?"

आम्ही सगळे हसलो. आई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दिवसभर मी एकटी, आणि माझा डोळा लागायच्या वेळेला इथे बाजार!"

मी म्हटलं, "उद्यापर्यंतच, आई. उद्या काका येऊन पाय कापणार आहेत."

"पाय? कशाला?"

मग सांगितलंच सगळं. तुम्ही बाहेर यावं म्हणून केलं होतं. थंडीच्या आत. तुमची खुर्चीसुद्धा ठरली होती. लेक माझ्याकडे बघायला लागली, नवऱ्याने मिक्सर खाली ठेवला. आईंनी टेबलावर तळहात फिरवला, सावकाश, दुकानात कापडावर फिरवायच्या तसा. "चांगलं झालंय," म्हणाल्या. आणि मग, "जा आता. दिवा घालवा."

रविवार, ३१ ऑक्टोबर

सकाळी खडखड ऐकून धावले. हॉलमध्ये आई! वॉकर घट्ट धरलेला, कपाळावर घाम, पण उभ्या. एकट्या आल्या, त्या दारातून, तो सगळा बोळ पार करून. मी धरायला गेले तर हातानेच थांबवलं. नवऱ्याला म्हणाल्या, "बघतोस काय? माझ्या खाटेचे नट सोड आणि खाट इथे आण. खिडकीशी." मग माझ्याकडे वळल्या.

"त्याचे पाय कापायचे नाहीत. ते निघत नाही ना दारातून? मग मी निघते. जेवायला येत जाईन आत, तुमच्यासारखी."