तुळशीच्या लग्नाचा खड्याचा सेट

मी, नारू काकड्या तांडेल, वय अठ्ठावन्न, धंदा रेडिओ दुरुस्ती, राहणार धाकटी डहाणू, जिल्हा ठाणे, कोणाच्याही दडपणाखाली नसताना, पण जिवाला स्वस्थता नाही म्हणून, शुद्धीत राहून हे लिहून ठेवतो. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून हवामान ऐकून आलो. त्यावरून माझं डोकं ठिकाणावर नाही असं कोणी म्हणू नये.

१. राहतं घर मुलगी मालू हिला. जावयाने छपरावरच्या एरियलला हात लावू नये.

२. दुकानातली हत्यारं चुलतभाऊ चंदर याला. सोल्डरिंग आयर्न तीन वर्षं त्याच्याकडेच आहे, ते वेगळं द्यायला नको. शिल्लक तांब्याची तारही त्यालाच. माझ्या एरियलवर बोंबील वाळत घालून त्याने माझं डोकं पिकवलं होतं; आता स्वतःच्या तारेवर खुशाल घालावेत.

३. खड्याचा सेट, म्हणजे विजेशिवाय खड्यावर चालणारा जुना रेडिओ, आणि त्याचा हेडफोनही मालूला. सन १९२७च्या तुळशीच्या लग्नाला याच सेटवर आमच्या आळीने मुंबईचं गाणं पहिल्यांदा ऐकलं. हेडफोन पितळी पातेल्यात ठेवायचा, म्हणजे सगळ्यांना ऐकू येतं. त्या आठवणीसाठी दरवर्षी माझा झरीचा दोस्त चिमण आपलाही असाच सेट घेऊन येतो. त्या दिवशी मोठा रेडिओ बंद, हा नियम माझा.

४. मोठा रेडिओ. याबद्दल लिहायचं नऊ वर्षं टाळलं.

होड्या निघण्याआधी गाव मला विचारून जात असे. १९५२च्या तुळशीच्या लग्नाला धाकटा भाऊ रामू दारात येऊन म्हणाला, "दादा, दर्याचा काय सांगतात?" खड्यावरची तार हलली होती, आवाज गेला होता, मी ती जुळवत बसलो होतो. चिमण म्हणाला, "मोठा लावू या." मी म्हणालो, "आज नाही." आणि मान वर न करता रामूला सांगितलं, "वाईट काही ऐकलं नाही." मी काहीच ऐकलं नव्हतं. वादळाची सूचना त्या संध्याकाळी दोनदा दिली होती. रामू पहाटेच्या भरतीला गेला, तो परत आला नाही.

रेडिओ त्याची बायको शांती हिला द्यायचा ठरवून काल निरोप धाडला. नऊ वर्षांनी ती उंबऱ्यात आली. म्हणाली, "तवा तुमी लावला नाय. आता मी लावून कोणाला आयकवू?"

म्हणून रेडिओ बंदरावरच्या पडवीत ठेवावा. रेडिओचा सरकारी परवाना मालूने दरसाल पोस्टातून नवा करावा. रोज संध्याकाळी हवामान लावावं, तुळशीच्या लग्नालाही. माझा नियम मी या कागदाने मोडतो.

चिमण, तू साक्षीदार, म्हणून तुला काही देऊ नये असं म्हणतात. रागावू नकोस.

५. पितळी पातेलं कोणालाही देऊ शकत नाही. ते १९५२च्या त्या दिवशी शांतीकडून मागून आणलं होतं आणि परत न्यायला माझे पाय उचलले नाहीत. काल जाताना तिने फळीवरून ते स्वतः काढून घेतलं. पातेल्याविना हेडफोनचा आवाज फार लहान येतो. ज्याला ऐकायचं असेल त्याने खाली वाकावं.

सही: नारू काकड्या तांडेल
धाकटी डहाणू, ता. १४ नोव्हेंबर १९६१

आमच्यासमोर सही केली, आम्हीही त्याच्यासमोर केली:
१. चिमण भिका करबट, झरी, तलासरी
२. पुतळी जान्या मर्दे, धाकटी डहाणू (डाव्या हाताचा अंगठा)