कबरी वेणी

मानवत,
१२ फेब्रुवारी १९९१

प्रिय कमल,

हे पत्र सासूबाईंसमोर वाचू नकोस, कारण तू मोठ्यानं हसणार आणि त्या विचारणार की काय झालं. परवाच्या रविवारी मला बघायला आले होते. हो, पुन्हा. आणि या खेपेला त्यांनी पसंत केलं. त्यातही कहर म्हणजे मंडळी तुमच्या बोरीचीच आहेत. आठवीत आपण ठरवलं होतं ना की एकाच गावात सासर बघायचं, ते मी विसरूनही गेले होते. कालपासून मला भाकरी गोड लागत नाही आणि घरात एका जागी बसवत नाही. अक्षर बघ कसं आलंय. पण क्रमानं सांगते, नाहीतर म्हणशील, मना नेहमी शेवटाकडूनच सुरुवात करते.

माझ्या केसांचं तुला वेगळं सांगायला नको. चौदाव्या वर्षी पहिली बट पांढरी झाली तेव्हा तूच माझ्या शेजारी बसत होतीस. वर्गाच्या फोटोच्या दिवशी तू घरून काजळाची डबी चोरून आणलीस, माझा भांग काळा करून दिलास, आणि उन्हात उभं राहून ते सगळं माझ्या नाकापर्यंत उतरलं. तो फोटो मायनं अजून भिंतीवर लावू दिलेला नाही. डॉक्टर म्हणाले की हा रोग नव्हे, काहींचे केस लवकर पिकतात. मायला ते पटलं नाही. तिनं माका लावला, आवळा लावला, कुणी सांगितलं म्हणून कांद्याचा रस लावला, तेव्हा आठवडाभर माझ्याजवळ कुणी जेवायला बसेना. आता तर काळा केस शोधून काढावा लागतो.

गेल्या साली पहिले पाहुणे आले तेव्हा तू बाळंतपणात होतीस, म्हणून तुला फक्त नकार कळला, खरी गंमत कळली नाही. आमच्या घरामागंच जिनिंग, त्यात ऐन हंगाम. कापूस उडून पापडावर बसतो, पाण्यात पडतो. सुलाआत्याला ऐनवेळी ते सुचलं. पाहुण्यांची नजर पदराबाहेर आलेल्या माझ्या दोन पांढऱ्या बटांवर गेली तशी ती म्हणाली, "जिनिंगचा कापूस उडायलाय ना, त्योच बसलाय पोरीच्या केसात." सगळ्यांना पटलं गं. पण मुलाची मावशी फार प्रेमळ निघाली. काढून देते म्हणून तिनं तो कापूस चिमटीत धरला, ओढला, आणि केस मुळासकट तिच्या हातात आला. तिनं दुसरा ओढला. मग ती आपल्या जागेवर जाऊन बसली. मुलगी वयानं मोठी दिसते, असा निरोप आला. मी बावीस वर्षांची आहे कमल. त्या रात्री मी रडले नाही, पण ते दोन केस ओढल्याची जागा मला आजही बोटानं दाखवता येईल.

तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मेंदी. मेंदीनं पांढरे केस लालभडक होतात, पण निदान म्हातारी तरी दिसत नाही. बोरीच्या मंडळींसाठी मात्र मायनं ठरवलं की काळंच करायचं. दादांना मोंढ्याच्या बाजारातून येताना काळ्या रंगाची पुडी आणायला सांगितली. दादा बापमाणूस, त्यांनी स्वतःच्या डोक्याच्या अंदाजानं एकच आणली, आणि दुकानात ती शेवटची होती. शनिवारी दुपारी माय करवंटीत रंग कालवून, दात घासायचा जुना ब्रश घेऊन माझ्यामागं बसली. भांगापासून सुरुवात केली आणि छान चोपडून लावत खांद्यापर्यंत आली. तिथं करवंटी संपली. तिनं पाणी घालून खरवडून बघितलं, बोटानं पुसून बघितलं. धुतल्यावर आरशात बघते तर खांद्यापर्यंत कुळकुळीत काळी आणि तिथून कमरेपर्यंत लाल. कानावर काळा डाग पडला तो वेगळाच. माय डोक्याला हात लावून उंबऱ्यात बसली. सुलाआत्या मात्र पदर तोंडाला लावून म्हणाली, "कबरी शेळी झालीस की गं मने." शेवटी असं ठरलं की वेणी घालून तिचा घट्ट आंबाडा बांधायचा, लाल भाग आत गुंडाळायचा आणि डोक्यावरचा पदर हलू द्यायचा नाही.

रविवारी चौघं आले. मुलगा बन्सीधर, त्याचे वडील माणिकराव, आत्या गीताबाई आणि धाकटी बहीण नर्मदा. बन्सीधरचं तुमच्या स्टँडजवळ मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, तू पाहिलं असशील. पोहे झाले, चहा झाला, स्वयंपाकाचं विचारून झालं. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात गीताबाई म्हणाल्या, "आंबाडा सोड बाई, केस किती लांब हायती ते बघू." मायचा चेहरा पाहवत नव्हता. मी सोडला आंबाडा. दुसरं काय करणार? वेणी पुढं आली, वर काळी आणि खाली लाल. गीताबाईंनी ती हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली. तेव्हा सुलाआत्या शांतपणे म्हणाली, "परभणीला कॉलेजच्या पोरी आता अशाच करायल्यात, वर एक रंग अन् खाली एक. आमची मना तर घरच्या घरी करती." कमल, मी परभणीला चारदा गेले असेन, अशी एकही पोरगी मी पाहिलेली नाही. पण नर्मदा उठून माझ्याजवळ आली, वेणीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "वहिनी, मलाबी असंच करून द्या ना." वहिनी म्हणाली. अजून कुणाचं काही ठरलंही नव्हतं. सगळे हसले, गीताबाईसुद्धा.

बन्सीधर हसला नाही. त्यानं माझ्या वेणीकडे बघितलं, मग कानावरच्या डागाकडे बघितलं, आणि मान खाली घालून ओठांवरून रुमाल फिरवला. मला वाटलं, याला सगळं कळलं, आता हा वडिलांना सांगणार. मला त्याचा रागच आला होता. उंच आहे, आवाज हळू आहे, बशीत चहा ओतताना एक थेंब सांडत नाही, एवढं मात्र रागातही माझ्या लक्षात राहिलं.

ते गेल्यावर मी कपबशा विसळायला घेतल्या. त्याच्या बशीच्या काठाला काळा ठसा होता, ओठाएवढा. माय म्हणाली, मोटारीच्या दुकानात बसतो, ऑइल लागलं असेल. पण ऑइलचा वास मला ठाऊक आहे आणि त्या पुडीचाही. दोन दिवस तोच वास माझ्या नाकात होता. मी बशी नाकाशी धरून उभी राहिले. कमल, त्याची मिशी पिकलेली आहे. सव्वीस वर्षांचा मुलगा, सकाळी घाईत काळी पुडी लावून आला, नीट धुतलीही नाही, आणि गरम चहानं ती उतरली. म्हणून तो सारखा रुमाल फिरवत होता. मी मोरीत बसून हसले, हसता हसता रडू आलं, आणि बशी मीच घासून ठेवली. कुणाला सांगितलं नाही. तुलाच पहिल्यांदा सांगतेय. तेव्हापासून मला तो फार आवडायला लागलाय, हे तुझ्याशी कशाला लपवू?

काल होकाराचा निरोप आला. शुक्रवारी, बावीस तारखेला साखरपुडा. इकडं गल्लीत तर वेगळंच सुरू झालंय. सुलाआत्यानं दारोदार सांगितल्यामुळं आज सकाळी दोन पोरी मेंदी घेऊन दारात उभ्या, आमचीबी वेणी दोन रंगाची कर म्हणून. त्यांचे काळेभोर केस, मेंदीनं काय होणार? तरी मी ऐटीत लावून दिली. आरशात वळून वळून बघत होत्या आणि एकमेकींना म्हणत होत्या, "लय भारी दिसायलाय." दादा दारातून बघून गेले, आणि आज कितीतरी दिवसांनी ते जेवताना गुणगुणत होते.

आता मी हे का लिहिलं ते सांगते. मायनं परभणीहून पुड्यांचा ढीग मागवून ठेवलाय. लग्नानंतर दर पंधरा दिवसांनी माहेरी यायचं किंवा न्हाणीत दार लावून रंग लावायचा, एक लेकरू झालं की मग डोक्याकडं कुणी बघत नसतं, असं तिचं म्हणणं. सुलाआत्या म्हणते, अक्षता पडेपर्यंत तोंड उघडू नको. पण मी एका घरात जन्मभर तो वास लपवत राहणार, आणि भिंतीपलीकडं तोही लपवत राहणार? ते माझ्यानं होणार नाही. मी त्याला पत्र लिहिलं तर ते माणिकरावांच्या हातात पडेल. म्हणून तू जा. तुमची पाण्याची मोटार नेहमी जळते, ती घेऊन जा, आणि नसेल जळली तरी जा. दुकानात दुसरं कुणी नसताना त्याला सांग की मनकर्णाचे केस चौदाव्या वर्षापासून पांढरे आहेत, ती फॅशन नव्हती, पुडी संपली होती. बशीचं मला कळलंय तेही सांग. हे ऐकून त्याला नको वाटलं तर शुक्रवारी त्यांची जीप येणार नाही. मायला मी सांभाळीन, मला मात्र सांभाळायला तू ये. आणि हवं असेल तर त्यानं तुझ्याजवळ काही बोलायची गरज नाही. फक्त त्या दिवशी मिशी न रंगवता यावं. मी केस मोकळे सोडून दारात उभी राहीन. जीपमधून उतरताना त्याची पांढरी मिशी दिसली, की मला माझं उत्तर मिळालं.

तुझीच,
मना