तुझ्या खोलीतले एकवीस अंश

आरेकिपा, १० जुलै

प्रिय आई,

तुझे गार हात हातात घेऊन नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते. धाकट्या विल्बरचा खोकला थांबला का? त्यालाच पत्र वाचायला सांग. फोनवर तू नुसतं 'बरं, बरं' म्हणतेस.

मी वाडीत घरोघरी लावलेल्या, थंडी मोजणाऱ्या बिनतारी पेट्यांचे आकडे इथे पडद्यावर दिसतात. दिवसातून दहादा बघते, चैनच पडत नाही. या जुलैच्या कडाक्यात पहाटे कासिल्दा मावशीच्या खोलीत तीन अंश, शाळेत दोन आणि तुझ्या खोलीत एकवीस!

साहेब म्हणाले, "नेलिदा, तुझ्या आईकडे सूर्य मुक्कामाला असतो वाटतं!" सगळे हसले. मला हसू येईना.

काल विल्बरला खोदून विचारलं, तेव्हा कबूल झाला. तू पेटी खाटेवरून काढून चुलीमागे गिनीपिगांच्या खुराड्यात टांगलीस. वर म्हणालीस, "गारठ्याचे आकडे दिसले तर पोरीला घास जायचा नाही."

अगं, सगळ्यात गार घरांना आधी उन्हावर तापणारी भिंत मिळणार आहे. महिनाअखेरीला यादी निघेल, या आकड्याने त्यात तू शेवटची येशील. मीच आकडा बदलला तर कासिल्दा मावशीला तोंड कसं दाखवू?

पेटी आजच खाटेवर लाव. मला घास नाही गेला तरी चालेल.

तीन आठवडे मी रोज पहाटे पडद्याकडे बघून म्हणत होते, आई उबेत झोपलीय. ते गिनीपिग होते, आई.

तुझ्यावर चिडलेली, तुझीच
नेलिदा